पाकिटाच्या आत लिहिलेलं गाव

अन्याय झाला तो तुमच्यावर, अप्पा. सोलापूरची संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेअकरा वाजता, कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात. लांब टेबलाच्या ज्या टोकाला खुर्ची ठेवलेली नव्हती, त्या टोकाला तुम्ही उभे होता. कोणावर, कधी, कुठे हे आधी लिहायचं आणि मग कोणी केला ते लिहायचं, ही पत्रकाची रीत. पहिल्या तीन गोष्टी मला तुम्हाला मातीत बसवलं त्याच दिवशी कळल्या. चौथी कळायला आणखी नऊ दिवस लागले.

तुम्ही गेलात त्याला आज बावीस दिवस झाले.

हे छापायला द्यायचं आहे, तेव्हा तुम्हाला न ओळखणाऱ्यांसाठी थोडं सांगावं लागेल. तुम्हाला ते आवडणार नाही, पण मला अडवायला आता तुम्ही नाही. चन्नवीरप्पा, मुक्काम शुक्रवार पेठ, शिक्षण मॅट्रिक, नोकरी प्रयोगशाळा सहायक. सव्वीस वर्षं पोरांनी फाडलेले बेडूक ट्रेमधून गोळा केले, काचेची भांडी विसळली. आणि जवळजवळ दर रविवारी एस.टी.त बसून कुठल्या तरी गावाला जाऊन भिंतीवरचं शेवाळ खरवडून आणलं. शेवाळ पाण्यातलं, हे नव्हे, असं तुम्ही मला शंभरदा सांगितलंत. कॉलेजात याला मॉस म्हणतात. पण गावात कुणाच्या अंगणात उभं राहून मॉस पाहिजे म्हटलं तर लोक हाकलून देतील, म्हणून तुम्हीही शेवाळच म्हणायचात.

लोक हसायचे. "सोलापुरात शेवाळ कुटलं, अप्पा? हितं घाम बी वाळतोय." तुम्ही म्हणायचात, "वाळलेलंच पाहिजे हाय."

त्या शेवाळात एक प्राणी राहतो. खसखशीच्या दाण्याहूनही बारीक, आठ पायांचा, प्रत्येक पायाला नखं. चालतो अस्वलासारखा, म्हणून पाणअस्वल म्हणतात. शेवाळ वाळलं की तो पाय आत ओढून घेतो, आक्रसतो, मनुक्यासारखा होतो, आणि तसाच पडून राहतो. वर्षभर, कधी कित्येक वर्षं. पाणी मिळालं की पाय बाहेर काढतो आणि चालायला लागतो. पेठेत तुम्हाला अस्वलवाले अप्पा म्हणायचे ते यामुळे. अस्वल खेळवणारा समजून एकदा दोन बायका पोराला ताईत मागायला दारात आल्या होत्या. तुम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवलंत.

माझं तुमच्याशी पहिलं भांडण झालं ते बहात्तरच्या दुष्काळात. मी तेव्हा नुकतीच कॉलेजातून काढली गेले होते. दुष्काळी कामावर मजुरांना दिल्या जाणाऱ्या सुकडीत अळ्या निघाल्या, त्याचं पत्रक मी वर्गावर्गात वाटलं, म्हणून. फाटकावरच्या शिपायाला माझं नाव देऊन ठेवलं होतं: विमलला आत सोडायचं नाही. कॉलेजातल्या ओळखीवर मी तुमच्या घरी आले, ती भांडायच्या तयारीनेच आले. तुम्ही खिडकीशी बसून वॉचग्लासमध्ये थेंब थेंब पाणी सोडत होता.

मी म्हटलं, "माणसांना घोटभर पाणी नाही, आणि तुम्ही अस्वलांना पाजताय."

तुम्ही मान वर केली नाहीत. "पत्रक लिवायला किती वेळ लागतंय तुला?"

"तास."

"मग तासभर बस की."

मी बसले. तुमच्या पत्नीने, गौराक्कांनी, ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवली. तासाने तुम्ही मला मायक्रोस्कोपवर बोलावलंत. कॉलेजने मोडीत काढलेला तो मायक्रोस्कोप, एक भिंग चिरलेलं. आत एक पिवळट गाठ होती. तिला एक पाय फुटला. मग दुसरा. मी तुमचं कौतुक करणार नव्हते. म्हटलं, "मग? माणसं वाळली की अशी उठत नाहीत."

"व्हय," तुम्ही म्हणालात. "म्हणून माणसाचं आदी बघायचं. त्यात वाद न्हाय. पर जे बघितलं ते बघितलं तसंच लिवायचं, माणूस असू दे न्हायतर अस्वल. तू अळी दिसली तर अळीच लिवतीस का न्हाय?"

पुढच्या रविवारी माझी पत्रकं तुमच्या पिशवीत होती. तुम्ही शेवाळासाठी जायचात त्या गावांत खडीची कामं चालू होती, आणि तिथे आमच्या संघटनेचा माणूस गेला की मुकादम हाकलायचा. तुम्हाला कोण हाकलणार? सुती टोपी, पेन्सिल, चाकू, गळ्यात लिंग. तुम्ही विहिरीत उतरायचात, वर यायचात, आणि जाताना पत्रकं वाटायचात.

एकदा उरलेली पत्रकं परत मागायला आले, तर तुम्ही त्यांच्या पुड्या बांधत बसलेले. माझ्या मजकुराच्या घड्या घालून आत शेवाळ. मी इतकी चिडले की गौराक्का चुलीपासून उठून आल्या. माझं पत्रक काय पुड्या बांधायला आहे?

"तुजं पत्रक लोक दोन दिस ठिवत्यात," तुम्ही म्हणालात. "पुडी केली की फेकत न्हाईत."

त्या पुड्यांची गोष्ट वाचणाऱ्याने नीट लक्षात ठेवावी, कारण शेवटी मी तिच्याकडेच येणार आहे. तुमचे वडील बाजारात अडत्याकडे तोलार होते. ज्वारीची वानगी काढली की तिचे दोन वाटे करायचे, निम्मी वानगी व्यापाऱ्याकडे, निम्मी मालकाकडे, म्हणजे पुढे कुणी माल बदलला म्हणून भांडण लागलं तर दोन्ही वाटे शेजारी ठेवून बघता येतं. तुम्ही शेवाळाचंही तेच केलंत. ज्याच्या भिंतीवरचं, ज्याच्या विहिरीतलं, त्याच्या हातात निम्मं. "फळीवर ठिवा. पाण्याला लावू नका. मी कदी तरी मागायला येतो." लोक ठेवायचेही. माढ्याकडच्या एका म्हातारीने ती पुडी देवाच्या फळीवर ठेवून रोज हळदकुंकू वाहायला सुरुवात केली होती, तेव्हा तुम्ही तिला, कुंकू वाहा पण पाणी शिंपडू नका, एवढंच सांगितलंत. मालकाचं निम्मं माझ्या पत्रकात. तुमचं निम्मं कचेरीच्या केराच्या टोपलीतून उचललेल्या जुन्या पाकिटात.

चूक तिथे होती, अप्पा. तुमच्या पाकिटात.

अस्वलाचं नाव ठरत नव्हतं. युरोपात सगळीकडे सापडणारी एक जात आहे, पुस्तकातल्या चित्रात तुमच्या प्राण्यासारखीच दिसते. तीच नखं, घशात त्याच काड्या. दूरच्या गावच्या एका तज्ज्ञाला तुम्ही स्लाईड पाठवली होती. त्याचं उत्तर तुम्ही मला वाचून दाखवलंत: नुसत्या प्राण्यावरून सांगता येत नाही, अंडी पाठवा. या प्राण्यांची ओळख अंड्यावरून पटते. पुस्तकातल्या जातीच्या अंड्यावर वाट्या उपड्या घातल्यासारखे उंचवटे. तुम्हाला माढ्याकडच्या विहिरीच्या शेवाळात अंडी मिळाली, आणि त्यांच्यावर काटे होते. सराट्यासारखे. तो थेंब तुम्ही मला मायक्रोस्कोपखाली दाखवलात.

मी म्हटलं, "झालं मग. नवी जात. छापा."

"अंडं हिचंच हाय, कशावरून? त्याच शेवाळात दुसरी कोण ऱ्हात असंल तर?" आईच्या नखांसारखी नखं आतल्या पिल्लाला दिसतील असं पिकलेलं अंडं मिळेपर्यंत तुम्ही नाव लिहिणार नव्हता. वहीत नावाच्या रकान्यात तुम्ही प्रश्नचिन्ह काढायचात. पानामागून पान. गाव, भिंत, दिशा, तारीख, आणि नावाच्या जागी प्रश्नचिन्ह.

मला त्या प्रश्नचिन्हाचा राग यायचा. अजूनही येतो. एवढं सगळं करून माणूस ठामपणे एक शब्द लिहीत नाही म्हणजे काय? मी म्हणायचे, तुम्ही घाबरता. तुम्ही म्हणायचात, "व्हय, घाबरतो. नाव एकदा पडलं की निघत न्हाय." हे भांडण आपलं संपलेलं नाही. कोण बरोबर होतं ते मी अजून सांगू शकत नाही, आणि तुम्ही आता बोलणार नाही.

मग विभागाने जिल्ह्यातल्या प्राण्यांची यादी छापायचं काढलं. तुमचा प्राणी यादीत यायचा तर गावांचा तक्ता स्वच्छ अक्षरात द्या, असं विभागप्रमुखांनी सांगितलं. तुमचे डोळे अधू झालेले. अक्षर चांगलं माझं. तुम्ही कॉलेजच्या कपाटातली पाकिटं थैलीत घालून घरी आणलीत, जे नियमात नाही, आणि कॉलेजातून काढलेल्या मुलीच्या पुढ्यात ठेवलीत, जे त्याहून नियमात नाही. दोन संध्याकाळी. तुम्हाला ताप होता, तुम्ही आतल्या खोलीत पडला होता.

पहिली वीसेक पाकिटं मी उघडून पाहिली. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने बारीक लिहिलेलं असायचं, कारण ओलसर शेवाळाने शाई पसरते. दिव्याखाली धरल्याशिवाय दिसायचं नाही. आणि पाकिटाच्या बाहेर मात्र ठळक, पोस्टाचा शिक्का, पाठवणाऱ्याचा छापलेला पत्ता: धारवाड, गुलबर्गा, नागपूर. मला दुसऱ्या दिवशी विडी कामगारांच्या सभेचं पत्रक द्यायचं होतं. मी झाकणं उघडायचं सोडलं. मला वाटलं, अप्पा फिरतात, बाहेर लिहिलंय तेच गाव असणार. विचारायला आतल्या खोलीपर्यंत आठ पावलं होती.

मी गेले नाही.

सोमवारी काय झालं ते मला तुमच्या मातीला आलेल्या कचेरीतल्या भाऊसाहेबांनी सांगितलं. ते त्या बैठकीत टिपणं घ्यायला बसले होते. विभागप्रमुखांनी तुमची गावांची यादी वाचली आणि विचारलं, "नागपूरला कधी गेला होता, चन्नवीरप्पा?" तुमची रजेची वही मागवली. सव्वीस वर्षांत नागपूर नाही, धारवाड नाही. "मग हे काय, घरी बसून गावं लिहिलीत?" तुम्ही यादी हातात घेतलीत. भाऊसाहेब म्हणाले, बराच वेळ घेतला त्यांनी, सगळी पानं बघितली. मग तुम्ही म्हणालात, "चूक माजी हाय, सर. पर पाकिटाच्या आत बघा. आत लिवलंय."

"बाहेर एक आणि आत एक? असला कसला संग्रह?"

कपाट त्याच खोलीत होतं, अप्पा. पंधरा पावलांवर. एक पाकीट उघडून बघायला किती वेळ लागला असता? कुणीही उठलं नाही. तुमच्या प्राण्यापुढे लिहिलं गेलं: नोंदी अविश्वसनीय, जात अनिश्चित, वगळावे. माढा गेलं, अक्कलकोट गेलं, किल्ल्याची उत्तरेची भिंत गेली. जिथे तो प्राणी खरोखर राहतो ती सगळी गावं, तो जिथे नाही त्या गावांबरोबर एका रेघेत गेली.

हे ऐकून मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहायला घेतलं. विभागप्रमुखांनी नोंदी बदलल्या, गरीब कर्मचाऱ्याचं काम बुडवलं, असं. स्टेन्सिल कापून तयार होतं. नवव्या दिवशी मी गौराक्कांना विचारायला गेले, तुमच्याकडे काही कागद आहे का पुराव्याला. त्यांनी नेलपॉलिशची पेटी काढली.

त्या पेटीबद्दल सांगते, नाहीतर लोक काहीतरी समजतील. स्लाईडवरची पातळ काच कडेने नेलपॉलिश लावून बंद करावी लागते, नाहीतर आतला थेंब वाळतो, हवा शिरते, नखं दिसेनाशी होतात. आपल्या उन्हाने ती कड तडकते, म्हणून तुम्ही दर फाल्गुनात एकेक स्लाईड काढून पुन्हा रंगवायचात. बांगडीवाला तुम्हाला चिडवायचा, "अप्पा, वैनीला की दुसरीला?" आणि तुम्ही सरळ तोंडाने म्हणायचात, "दुसरीला. आठ पाय हायत तिला, एक बाटली पुरत न्हाय."

पेटीत बाटल्यांखाली यादी होती. लाल रेघ मारून परत दिलेली. गौराक्का म्हणाल्या, "हे घे की गं. तुजं अक्षर हाय म्हणून ठिवलं हुतं त्यांनी."

माझंच अक्षर. चांगलं, स्वच्छ, वळणदार अक्षर. नागपूर. धारवाड.

आणि प्रत्येक खोट्या गावाशेजारी समासात तुमच्या पेन्सिलीने खरं गाव. भिंतीसकट, दिशेसकट, आठवणीतून. प्रत्येक ओळ दुरुस्त झाली की तुम्ही बरोबरची खूण केली होती. शेवटच्या पानाच्या तळाला एक ओळ होती: विमलला सांगणे. तिच्यापुढे खूण नव्हती.

जत्रेपासून होळीपर्यंत मी दर आठवड्याला तुमच्याकडे येत होते. दर वेळी विचारत होते, यादीचं काय झालं? तुम्ही म्हणायचात, बसलीय तितंच. मी विभागप्रमुखांना शिव्या द्यायचे, तुम्ही ऐकून घ्यायचात. एकदा म्हणालात, "बाहेरचं वाचून कुनाला काय कळतंय, पत्रकबाई." मला वाटलं तुम्ही त्यांच्याबद्दल बोलताय. मी ते वाक्य वहीत टिपूनसुद्धा ठेवलं, पुढे कुठे तरी वापरायला.

का सांगितलं नाहीत? मी रागाने विचारतेय, अप्पा. माझं नाव घेतलं असतंत तर पाकिटं घरी नेली, बाहेरच्या मुलीला दिली, हे निघालं असतं. रिटायर व्हायला दीड वर्ष होतं, गौराक्कांचं पुढचं सगळं त्यावर. ते मला समजतं. मला वाचवत होता म्हणाल तर ते मला नको होतं. मी चार वेळा कोठडीत बसलेय, टेबलाच्या टोकाला उभी राहू शकले असते. पण बंद दारामागे, भिंतीशी, ज्वारीची भाकरी पुढे ठेवून तरी मला सांगायचं होतंत. तेव्हा कपाट उघडं होतं. तेव्हा किल्ली तुमच्या कमरेला होती. आपण दोघांनी एका रविवारी सगळी यादी पुन्हा लिहिली असती.

आता कपाटाचं ऐका. त्यात तुमच्या वह्या, स्लाईडी, आणि आत गाव लिहिलेली सगळी पाकिटं आहेत. कपाटाचा चार्ज तुमच्या नावावर. चार्ज घ्यायचा तर तो कुणीतरी द्यायला हवा, आणि देणाऱ्याची सही लागते. सही तुमची. तुमच्या जागी आलेला माणूस म्हणतो, मला दिल्याशिवाय मी घेणार कसा. विभागप्रमुख म्हणतात, कुलूप तोडलं आणि आत काच कमी निघाली तर माझ्यावर येईल. भाऊसाहेब भला माणूस आहे, तोही म्हणतो, "पोरी, नियमात मेलेल्या माणसाची सोय न्हाय." किल्ली गौराक्कांच्या पदराला आहे. मी त्यांना घेऊन फाटकापर्यंत गेले. मला आत सोडत नाहीत, आणि त्या नोकर नाहीत म्हणून त्यांना कपाटाला हात लावता येत नाही. शिपायाने त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं. चांगलं वागला. आम्ही तिथे दोन तास उन्हात बसलो, किल्ली हातात घेऊन. तिथून व्हरांड्यापलीकडे, विभागाच्या उघड्या दारातून, कपाटाची एक बाजू दिसते.

गौराक्का तेव्हा एकच बोलल्या. "फागण गेला. कडा रंगवायच्या ऱ्हायल्या."

चैत्र लागलाय. स्लाईडींच्या कडा तडकत असतील. सुट्टीत जुनं सामान काढताना ते कपाट डेड स्टॉक म्हणून रिकामं करायचं ठरलंय. तोपर्यंत कुणी उघडणार नाही, आणि उघडतील तेव्हा जुनी पाकिटं आणि वाळका पाला बघून बाहेर ओततील. पेन्सिलीने दुरुस्त केलेली यादी मी भाऊसाहेबांच्या हाती आत पाठवली होती. उत्तर आलं, मागाहून केलेल्या दुरुस्त्या ग्राह्य नाहीत. बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असते तर मीही पुरावा मागितला असता. फक्त तो पंधरा पावलांवर होता तेव्हाही मागितला असता.

ते स्टेन्सिल मी फाडलं. विभागप्रमुखांना मी सोडलेलं नाही. एक झाकण न उघडणं हा त्यांचा अपराध, आणि तो मी इथे लिहून ठेवतेय. पण पहिलं न उघडलेलं झाकण माझ्या हातातलं होतं. लोकांना कागदावरचं खरं मानायला मी शिकवते, आणि माझ्या हातच्या कागदाने तुम्हाला खोटं पाडलं. अप्पा, हे मला तुमच्या तोंडावर बोलायचं होतं. तुम्ही म्हणाला असता, बस तासभर. मी बसले असते.

तुमच्याशी बोलणं इथे थांबवते. पुढचं वाचणाऱ्यांसाठी आहे.

माढा, अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढा, आणि सोलापूर शहराच्या पेठांत राहणाऱ्यांनो. गेल्या काही वर्षांत सुती टोपीतला एक माणूस तुमच्या विहिरीत, अंगणात, नळाच्या ओट्यापाशी शेवाळ खरवडून गेला असेल, आणि त्याने तुमच्या हातात निम्मं दिलं असेल, तर ते शोधा. फळीवर बघा, धान्याच्या कणगीमागे बघा, देवाच्या फोटोमागे बघा. छापील पत्रकाची पुडी असेल. सुकडीतल्या अळ्यांबद्दल किंवा विड्यांच्या मजुरीबद्दल काहीतरी तावातावाने लिहिलेलं दिसेल. ते माझं आहे, वाचलं नाहीत तरी चालेल. पुडी पाण्याला लावू नका, उन्हात ठेवू नका. तुमच्याकडचं शेवाळ हाच आता एकमेव पुरावा आहे, आणि त्यात तो प्राणी अजून पाय आत ओढून पडलेला आहे. पिकलेलं अंडंसुद्धा असेल.

कॉलेजला सुट्टी लागायच्या आत शुक्रवार पेठेत अप्पांच्या घरी, गौराक्कांकडे, पुडी घेऊन स्वतः या. दुसऱ्याच्या हाती पाठवू नका. निम्मं मी तज्ज्ञाकडे धाडेन, निम्मं पुन्हा तुमच्याच हातात देईन, रीत तशीच राहील. मी दारात वही घेऊन बसलेली असेन. पुडी माझ्या हातात देऊ नका. तुम्हीच उघडा, कुठल्या गावचं, कुठल्या भिंतीवरचं ते तुम्हीच मोठ्याने सांगा, आणि मी लिहिलेलं पुन्हा वाचून घेतल्याशिवाय उठू नका.